बदकं थांबली, कावळे नाहीत: स्विमिंग पूलवर तंगूस, आठ महिन्यांचा वापर

पूलवर पक्षी उतरू नयेत म्हणून तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉन दोरी, आडवी ताणली. वापराचा काळ नोव्हेंबर ते जून. शेतघराचा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे साधारण ४० हजार लिटर पाणी. बदकांसाठी पाचपैकी साडेचार गुण, बगळ्यांसाठी साडेतीन, कावळ्यांसाठी जेमतेम एक.

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या आसपास निळं पाणी उघडं ठेवलं की हळदी-कुंकू बदकं येतात, यात नवल नाही. पण बदक पाण्यावर उतरतं ते तिरकं घसरत, त्याला समोर मोकळी पट्टी लागते. आडव्या दोऱ्या दिसल्या की ते वरच्या वर वळतं. सगळी युक्ती एवढीच आहे.

सामान: ०.९ मिमी जाडीची मासेमारीची तंगूस १०० मीटर, स्टेनलेसचे ६ मिमी आयबोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट) ३० आणि फरशीच्या पातळीत बसणारे, आतून आटे असलेले ६ मिमीचे फास्टनर तेवढेच. दर ५० सेंटिमीटरवर रुंदीच्या दिशेने एक, अशा १५ दोऱ्या होतात. गाठीसकट प्रत्येकीला ५ मीटर धरा, म्हणजे ७५ मीटर लागते. उरलेली पुढे बदलायला उपयोगी पडते. फास्टनरला ८ मिमीचं, २५ मिमी खोल भोक लागतं. ते काठापासून १५ सेंटिमीटर मागे घ्या. काठाला चिकटून ड्रिल मारलं की शहाबादीचा टवका उडतो. पोहायच्या वेळी आयबोल्ट हाताने फिरवून काढता येतो आणि पायाला काही टोचत नाही, म्हणून हा फास्टनर बाहेर डोकावणाऱ्या बोल्टपेक्षा बरा.

पहिली चूक बहुतेकांची इथेच होते: दोरी सरळ आयबोल्टला बांधतात. तंगूस नायलॉनची, उन्हात ढिली पडते, ओली झाली तरी ढिली पडते. मधोमध झोळ पडून ती पाण्याला टेकली की बदकाला काही अडथळा उरत नाही. एका टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला तर ताण टिकतो, पण एप्रिलच्या उन्हात ट्यूब तडकते. स्टेनलेसची छोटी स्प्रिंग लावा, प्रश्न संपतो. साधी गाठ घसरते. दोरी दोनदा ओवून क्लिप दाबून घ्या.

दुसरी गोष्ट, पारदर्शक दोरी पक्ष्याला दिसत नाही आणि तो आदळतो. दर मीटरला बोटभर पांढरी फीत बांधाच. तंगुसाऐवजी मांजा ताणायचा सल्ला देणारेही भेटतात. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेच्या दिवसांत त्या मांजाने पक्ष्यांचे पंख कापले जातात, नायलॉन मांजावर बंदी आहे, तेव्हा तो विषयच नको.

आता उणं. बदकं हुशार आहेत: हिरवळीवर उतरतात आणि चालत येऊन दोरीखालून पाण्यात शिरतात. डाळिंबाच्या बागेवरून उरलेल्या शेडनेटची ४५ सेंटिमीटर उंच पट्टी पूलभोवती खुंट्यांवर लावल्यावरच हे थांबतं. अडई (शीळ घालणारं छोटं बदक) रात्री फिरते, म्हणून दोऱ्या संध्याकाळी पाचच्या आत लागल्या पाहिजेत. रोजची काढ-घाल पंधरा मिनिटांची आहे, आणि कंटाळा केला की पैसे वाया. दोऱ्या लावलेल्या असताना कुणीही पाण्यात उतरू नये. लहान मुलांसाठी हे झाकण नव्हे.

कावळ्यांना दोऱ्यांचं काहीच वाटत नाही. ते पायरीवर बसतात आणि कडक भाकरी पाण्यात भिजवतात. सोलापूरच्या कावळ्याला भाकरी मऊ करून खायची अक्कल आहे, हे मान्य करावं लागतं. उपाय एकच: खरकटं उघड्यावर नको, आणि पूलपासून वीस मीटरवर सावलीत पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवा, रोज ताजं पाणी भरून. मे महिन्यात पारवे आणि साळुंक्या तहानेने येतात. जवळ सोपं पाणी असेल तर बरेचसे तिकडे वळतात. भिंगऱ्या उडता उडता चोच बुडवतात, त्यांना सोडून द्या, घाण करत नाहीत.

प्लॅस्टिकचं घुबड घेऊ नका. काही दिवसांत कावळे त्याच्याच डोक्यावर बसतात. ज्वारीच्या शेतात लावतात ती चकाकी फीत दोन-तीन आठवडे चालते, पुढे पक्षी सरावतात. जागा बदलत राहिलात तर थोडी जास्त. अल्ट्रासॉनिक यंत्र पक्ष्यांसाठी निव्वळ शोभेचं आहे, कारण तो आवाज त्यांना ऐकूच येत नाही.

विष्ठा पडलीच तर आधी जाळीने काढा, जाळी क्लोरिनच्या पाण्यात बुडवा. मग मुक्त क्लोरिन किमान २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) आणि पीएच ७.५ किंवा कमी ठेवून अर्धा तास पोहणं बंद. या ४० हजार लिटरला १ पीपीएम वाढवायला ६५ टक्क्यांची क्लोरिन पावडर (कॅल्शियम हायपोक्लोराइट) सुमारे ६० ग्रॅम लागते. बादलीत आधी पाणी, मग पावडर. ट्रायक्लोर या दुसऱ्या प्रकारच्या क्लोरिनच्या गोळ्यांशी तिची गाठ कधी पडू देऊ नका, पेट घेऊ शकते. गोळ्यांनीच भागवत राहिलात तर सायन्यूरिक आम्ल साठतं आणि क्लोरिनचं काम मंदावतं. वास येतो, पाणी हिरवट होतं आणि दोष पक्ष्यांवर जातो.

पावसाळ्यात काठावर बेडूक वाढले की ढोकरी (छोटा तपकिरी बगळा) टपून बसते. रात्री पूलचे दिवे बंद ठेवले तर किडे कमी, बेडूकही कमी. याच दिवसांत हळदी-कुंकू अंडी घालतं. घरटं झालं तर हात लावू नका, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि तो लागू होतो. पिल्लं पाण्यात पडली तर उभ्या भिंतीवरून त्यांना वर येता येत नाही. एक खरखरीत फळी, अर्धा मीटर पाण्यात आणि वरचं टोक काठाला बांधलेलं, कोपऱ्यात कायम ठेवा.