पाय न लावता चालणारं चाक

कुंभारकामाचं, विजेवरचं हे वापरलेलं चाक मी एका विद्यार्थिनीसाठी घेतलं. ती व्हीलचेअरवर असते. पाय हलत नाहीत, हात मात्र माझ्यापेक्षा खमके. चार महिने वापरून झाल्यावर लिहितेय.

मोटर दणकट आहे. तीन किलोचा मातीचा गोळा फिरत्या थाळीच्या मध्यावर आणताना कितीही रेटला तरी वेग पडत नाही. विकणाऱ्याने ‘पट्टा नवाच आहे’ म्हणून सांगितलं होतं, झाकण उघडलं तर कडेला भेगा. तो बदलला. बेअरिंगची कुरकुर आहे ती आहेच. थाळी मात्र जराही डुगडुगत नाही. घेण्याआधी कडेजवळ पेन्सिल धरून चाक हळू फिरवून बघा, फट कमीजास्त झाली तर घेऊ नका. उलट दिशेने फिरवायचं बटण आहे, त्याचाही उपयोग झाला, कारण ती डावखुरी आहे.

खरा प्रश्न पायाने वेग कमीजास्त करायच्या पेडलचा. आत एक छोटा पोटेन्शिओमीटर निघाला, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असायचा तसा. इलेक्ट्रिशियनकडून तो काढून गोल बटणासकट हाताशी बसवून घेतला. फसलो! गोळा मध्यावर आणताना दोन्ही हात मातीवर लागतात. वेग कमी करायला एक हात उचलला की गोळा कलंडलाच. मग बटणाच्या जागी वीतभर लांब दांडा लावला, डाव्या कोपराने ढकलता येईल असा. स्प्रिंग मुद्दामच नाही, जिथे सोडला तिथे राहतो. उजव्या कोपराशी मोठं लाल बंद-बटण आहे. सगळं जलरोधक डब्यात, कारण कोपरही चिखलाने माखलेलंच असतं.

उंचीसाठी चाकाच्या पायांखाली दहा सेंटीमीटरचे ठोकळे दिले, तर चाक थरथरायला लागलं. शेवटी ठोकळे जाड प्लायवूडच्या फळीवर बोल्टने आवळले. तरी ती मातीवर रेलली की व्हीलचेअर मागे सरकायची. ब्रेक लागलेले असायचे, पण ओल्या फरशीवर टायरच घसरायचे. आता व्हीलचेअरही त्याच फळीवर चढते आणि मागच्या चाकांमागे पट्टी अडकवतो. मातीला दिलेला जोर मातीतच जातो.

एक गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. व्हीलचेअरचे पाय ठेवायचे पायटे बाजूला वळवून ती गुडघे चाकाच्या दोन्ही अंगांना घेऊन बसते. पहिल्याच आठवड्यात सांगाड्याच्या पत्र्याने तिचा गुडघा सोलवटला. पायांना संवेदना नाही, त्यामुळे तिला पत्ताच नाही. घरी गेल्यावर दिसलं. आता सगळ्या कडांवर जाड फोम आहे, आणि दर तासाला थांबून आम्ही पाय बघतो. तुम्ही असं काही करणार असाल तर दांडा-बिंडा नंतर, आधी फोम लावा.

पाचपैकी चार तारे. कापला तो चिखल साचणाऱ्या तसराळ्यासाठी. ते दोन भागांत निघतं, पण खटका नेमका समोर, तिच्या गुडघ्यांच्या मध्ये खाली. तिथवर तिचा हात पोचत नाही, म्हणून भांडं उतरवलं की हाक येते, “ताई, तसराळं!” खटका बाजूला कसा घ्यावा, कोणी केलंय का?