नसलेल्या पित्ताशयाचे 43 खडे आणि माझे 34,450 रुपये

सोसायटीत आलेल्या लिव्हर शिबिरवाल्यांना मी किती पैसे दिले, त्याचा आधी हिशेब देतो. नोंदणी 500 रुपये. 45 दिवसांचे दोन कोर्स, 14,500 प्रमाणे 29,000. ‘फ्लश किट’ 3,750. आहाराचा तक्ता 1,200, म्हणजे एका पानाची तिरकी आलेली झेरॉक्स. एकूण 34,450. पुढचा हॉस्पिटलचा खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा.

मी रबाळे एमआयडीसीत 26 वर्षं अकाउंट्स सांभाळतोय. दुसऱ्याच्या व्हाउचरवरची दोनशे रुपयांची खाडाखोड मला लांबून दिसते. म्हणूनच हे लिहायला चार महिने लागले.

सुरुवात नोव्हेंबर 2024 ची. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी 68 आली, सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड 1’. मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, त्यामुळे लिव्हर हा शब्द वाचूनच घाम फुटला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, वजन घेतलं (84 किलो) आणि म्हणाले, सहा किलो उतरवा, रोज पाऊण तास चाला, फरसाण आणि गोड बंद, तीन महिन्यांनी परत तपासू. फी 400. गोळी एकही नाही. मी विचारलंसुद्धा, “डॉक्टर, काही लिहून देत नाही?” ते हसून म्हणाले, “हेच औषध आहे.”

मला वाटलं, झटकून टाकलं आपल्याला. आज कळतंय की त्या 400 रुपयांत मला अख्खा उपचार मिळाला होता. वजनाच्या सात ते दहा टक्के उतरले की यकृतातली चरबी आणि सूज कमी होते. पण खरं सांगा, डॉक्टरांकडून रिकाम्या हाताने परत आलं की आपल्यापैकी किती जणांना बरं वाटतं?

जानेवारीत सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला: रविवारी क्लब हाउसमध्ये मोफत लिव्हर-पोट तपासणी शिबिर. हे लोक सोसायटीला काय देतात, सेक्रेटरींना काय मिळतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पांढरा कोट, पाठीमागे यकृताचं लालभडक चित्र, टेबलावर लॅपटॉप आणि त्याला वायरने जोडलेली एक स्टीलची दांडी. दांडी मुठीत धरायची. मिनिटभराने 38 पानी रंगीत रिपोर्ट बाहेर. रक्त नाही, लघवी नाही, उपाशीपोटी येणं नाही. मुठीतल्या दांडीवरून लिव्हर, किडनी, हाडं, व्हिटॅमिन, सगळं!

आता ज्या क्षणाबद्दल मी स्वतःला रोज शिव्या घालतो, तो सांगतो.

रिपोर्टचं अकरावं पान. ‘पित्ताशय: कार्य मंद, खडे तयार होण्याची शक्यता 70 टक्के.’ माझं पित्ताशय 2016 मध्ये दुर्बिणीने काढलंय. पोटावर चार खुणा आहेत, बेंबीपाशी एक आणि वर उजवीकडे तीन. मी त्या पांढऱ्या कोटवाल्याला तसं सांगितलं. स्पष्ट सांगितलं. त्याने पापणीही न लववता उत्तर दिलं, “काका, अवयव काढला तरी त्याची ऊर्जा राहते. मशीन ऊर्जा वाचतं.”

आणि मी मान डोलावली.

तिथेच उठायला हवं होतं. समोरच्या खुर्चीत बसून मी “हं, बरोबर” म्हणालो. का? मागे आमच्याच विंगमधली आठ-दहा माणसं रांगेत उभी होती. त्यांच्यासमोर वाद घालायची लाज वाटली. शिवाय त्याने लगेच माझा खरा रिपोर्ट हातात घेऊन 68 या आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला आणि म्हणाला, “हे दोन वर्षांत सिरॉसिस.” एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशींना त्रास झाला की रक्तात उतरणारं एन्झाइम. तेवढ्या एका आकड्यावरून यकृत किती कामाचं उरलंय ते कळत नाही, त्यासाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची तपासणी बघतात. हे मला मार्चमध्ये कळलं. जानेवारीत फक्त सिरॉसिस ऐकू आलं.

दुसरी खूण पैसे देताना. यूपीआयवर नाव आलं ते कुठल्याशा ट्रेडर्सचं. बिल मागितलं तर “कोर्स पूर्ण झाल्यावर एकत्र देऊ.” अकाउंट्सच्या माणसाने हे ऐकून घेतलं. (आमच्या साहेबांना कळलं तर माझ्याकडून चेकबुक काढून घेतील.)

औषध म्हणजे काळसर काढ्याच्या बाटल्या आणि पांढऱ्या डबीतल्या गोळ्या. लेबलवर हिरवं पान, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, बस. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवरसुद्धा उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटकांची नावं असावीच लागतात. नसतील तर बाटली परत करा, किती का दिलेली असेना. आमची आजी वैद्यांकडेच जायची, माझं आयुर्वेदाशी भांडण नाही. पण तिचे वैद्य नाडी धरून अर्धा तास प्रश्न विचारायचे, दांडी हातात देत नव्हते.

आता ते फ्लश किट. रात्री जुलाबाचं मीठ पाण्यातून, मग ग्लासभर ऑलिव्ह तेल लिंबाचा रस घालून, मग उजव्या कुशीवर झोपायचं. पहाटेपासून पाच वेळा धाव. सोबत एक प्लास्टिकची गाळणी दिली होती, ‘खडे’ मोजायला. मी मोजले. 43. हिरवे, गुळगुळीत, मटाराएवढे, बोटाने दाबले तर दबणारे. बायको न्हाणीघराच्या दारातून म्हणाली, “अहो, पित्ताशयच नाही तर खडे कुठून आले?” मी तिला म्हणालो, “तुला त्यातलं काय कळतं.” इतका आनंद झाला होता मला! पांढऱ्या बशीत मांडून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. चाळीसएक अंगठे आले.

ते खडे म्हणजे साबण. तेल, पोटातले पाचक रस आणि क्षार मिळून आतड्यातच तयार होणाऱ्या गोळ्या. ‘लॅन्सेट’मध्ये 2005 साली असेच एका बाईचे ‘खडे’ तपासून छापले होते: 40 अंशांवर दहा मिनिटांत वितळून हिरवं तेल झालं. तेल तेच पाजतात आणि तेच तुम्हाला खडे म्हणून दाखवतात. खरे पित्ताचे खडे सोनोग्राफीत दिसतात. फ्लशच्या नादाने खरा खडा नळीत जाऊन अडकला तर कावीळ नाहीतर स्वादुपिंडाला सूज. माझं पित्ताशय नव्हतं म्हणून तेवढ्यातून वाचलो म्हणायचं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जेवण नकोसं झालं. लघवी चहासारखी. मी फोन केला तर “विषारी घटक बाहेर पडतायत, डोस वाढवा.” वाढवला! चार दिवसांनी ऑफिसातला शिपाई म्हणाला, “साहेब, डोळे पिवळे दिसतायत.”

ठाण्यात पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. बिलिरुबिन 6.8, एसजीपीटी 912. त्यांनी हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळ्यांच्या तपासण्या केल्या, सोनोग्राफीत पित्ताची नळी मोकळी आहे हे पाहिलं, शरीर स्वतःच्याच यकृतावर उठलंय का तेही रक्तातून बघितलं. सगळं नकारार्थी आल्यावर म्हणाले, “आता तो काढा दाखवा.” औषधाने यकृताला इजा झाली हे सिद्ध करणारी एकच अशी तपासणी नसते, बाकीची कारणं एकेक करून बाद करावी लागतात. बाटली उलटसुलट करून त्यांनी विचारलं, “यात काय आहे?” मला सांगता येईना. गुळवेलीसारख्या घरोघरी पोचलेल्या वेलीबद्दलही 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. तो वाद चालू राहो, पण तिथे निदान वेलीचं नाव तरी माहीत होतं.

उपचार काय? सगळं बंद करणं आणि लक्ष ठेवणं. चार दिवस ॲडमिट, बिल 61,340, मेडिक्लेमने 48,000 दिले, खिशातून 13,340. सात आठवड्यांनी एसजीपीटी 41 वर आला. मग फायब्रोस्कॅन, 5.8 किलोपास्कल, म्हणजे यकृत निबर झालेलं नाही. दोन वर्षांत सिरॉसिस म्हणे!

माझ्यापेक्षा वाईट झालं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या, त्यात ॲसिडिटी. त्यांना शिबिरात सांगितलं की आतड्यात वीस वर्षांचा मळ साचलाय. काढा सुरू झाल्यावर डांबरासारखी काळी, चिकट शौच होऊ लागली. शिबिरवाले म्हणाले, “साचलेला मळ निघतोय.” तो मळ नव्हता, जठरातला व्रण वाहत होता. हिमोग्लोबिन 7.2 वर आलं तेव्हा एंडोस्कोपी झाली. व्रणात हेलिकोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला, त्यावर दोन आठवड्यांचा अँटिबायोटिकचा साधा कोर्स असतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तशा गोळ्या चालू नसतील आणि डांबरासारखं दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. रक्ताच्या उलटीलाही तेच. गिळताना अडकणं, आपोआप वजन उतरणं, यालाही डॉक्टर लवकर गाठा.

आता सरकारी अनुभव. शिबिर ऐरोलीत, त्यांचं ऑफिस ठाण्यात नौपाड्याकडे. ऐरोली जिल्ह्याने ठाण्यात, पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. ट्रान्स-हार्बर लोकलला मधे एकच स्टेशन, दिघा गाव, पण पोलिसांच्या लेखी जणू मधे देशाची सीमा. इकडचे म्हणाले ऑफिस तिकडे आहे, तिकडचे म्हणाले घटना इकडे घडली. तिसऱ्या फेरीत एका हवालदाराने विचारलं, “काका, पैसे तुम्हीच दिले ना? प्यालात पण तुम्हीच ना?” अदखलपात्र नोंद करून कागद दिला. औषधांचं बघणाऱ्या कार्यालयात म्हणाले, सीलबंद बाटली आणा, उघडलेली चालत नाही. अरे, न उघडता मला कावीळ होणार होती का? डॉक्टरांची नोंदणी बघणाऱ्या ठिकाणी उत्तर मिळालं, तो माणूस आमच्या यादीतच नाही, त्यामुळे आम्ही कारवाई करू शकत नाही. वा! म्हणजे खोटा डॉक्टर असण्यात केवढी सोय. पित्ताचे खडे बरे करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या औषधं आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. त्यांचं पत्रक दाखवून हे मी तीन टेबलांवर सांगितलं. तिसऱ्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “जेवणाच्या सुट्टीनंतर या.”

पुरावा म्हणून ते 43 खडे मी बोर्नव्हिटाच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवले होते. मे महिन्यात टीएमटीच्या बसमधून सरकारी कार्यालयात घेऊन गेलो. तिथल्या साहेबांच्या टेबलावर झाकण उघडलं तर आत तळाशी हिरवं तेल. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. बायकोला अजून हे सांगितलेलं नाही.

शेवटी ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतो, मुदत दोन वर्षं. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. यूपीआयचे स्क्रीनशॉट, रिकाम्या बाटल्या, दांडीवाला रिपोर्ट, काहीही फेकू नका. माझं अकरावं पान आणि 2016 चं डिस्चार्ज कार्ड शेजारी-शेजारी लावलंय, वकिलांनी ते बघूनच केस घेतली. आणि कोणाच्याही कोटावर जाऊ नका, नोंदणी क्रमांक विचारा आणि डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलच्या यादीत तिथेच मोबाइलवर बघा.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीहून मेहुणीचा निरोप आला. त्यांच्या सोसायटीत रविवारी शिबिर आहे, “भाओजी, हे चांगलं आहे का हो?” खाली पत्रक जोडलेलं. त्यावर आमच्या घरची पांढरी बशी, कडेला निळी रेघ असलेली, आणि बशीत 43 खडे. वर लिहिलंय, ‘ऐरोलीच्या काकांचा अनुभव.’