गिटार पेडलला राऊटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर चालेल का, की ९ चाच घ्यायचा?

गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलचा अडॅप्टर हरवला की घरात जो सापडेल तो लावून बघायचा मोह होतोच, आणि राऊटरचा जुना १२ व्होल्टचा तर प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, पिनपण बरोब्बर बसते. तिथेच गंडतं. मी गणपतीच्या आधी इंदिरानगरात प्रॅक्टिसला गेलो तेव्हा हेच केलं, दोन सेकंदात जळका वास. उघडून बघितलं तर आतला छोटासा काळा डायोड काळ्याचा अजून काळा झालेला. नशीब तेवढ्यावर निभावलं, दोन-चार रुपयांचा पार्ट.

कारण नुसते जास्त व्होल्ट नव्हते. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मध्ये मायनस असतो, राऊटरवाल्यात सहसा मध्ये प्लस. म्हणजे दोन चुका एकदम. अडॅप्टरवर गोल आणि ठिपक्याचं चिन्ह असतं ना, ते आधी बघा, व्होल्ट नंतर.

बरं, पोलॅरिटी (म्हणजे मध्ये प्लस की मायनस) जुळवली तर १२ चालतो का? काही साध्या ओव्हरड्राइव्हला (आवाज थोडा फाटका करणारं पेडल) चालतो, आवाज जरा मोकळा येतो असंही म्हणतात. पण ज्यात मॅक्स१०४४ सारखी चार्ज पंपची (आतल्या आत व्होल्टेज वाढवणारी किंवा उलटवणारी) आयसी आहे तिची मर्यादाच १० व्होल्टच्या आसपास, ती गेलीच समजा. आत काय आहे माहीत नसेल तर १२ नकोच.

अँपिअरचं मात्र उगाच टेन्शन घेऊ नका. पेडल ३०० मिलिअँपिअरचं असलं आणि अडॅप्टर १ अँपिअरचा, तरी ते लागेल तेवढंच ओढतं. अडॅप्टरच कमी अँपिअरचा असला तर गडबड, डिजिटल मल्टीइफेक्ट (एकाच पेटीत बरेच इफेक्ट) अधूनमधून बंद पडून परत चालू होतो.

मग घ्यायचा कुठला? कंपनीचा ओरिजिनल महाग, पण शांत. एमजी रोडला मिळतो तसला ९ व्होल्टचा साधा स्विचिंग अडॅप्टर स्वस्त, पोलॅरिटी उलटी असली तर वायर कापून बदलून घ्यावी लागते आणि कधीकधी गेन वाढवला की बारीक शिट्टी ऐकू येते. ट्रान्सफॉर्मरवाला जड जुना ९ चा, त्याला लोड न लावता मीटर लावा, १२-१३ दाखवतो, घाबरू नका, अनरेग्युलेटेड (व्होल्ट एकसारखे न धरणारा) असला की असंच असतं, पण म्हणूनच पेडलला मी तो लावत नाही. व्होल्टेज बदलायचं बटणवाला मल्टी अडॅप्टर तर अजिबात नको, बॅगेत बटण सरकतं आणि ९ चं १२ कधी झालं कळतसुद्धा नाही.

एकच साधं ओव्हरड्राइव्ह असेल तर चौकोनी ९ व्होल्टची बॅटरीच बरी, १० मिलिअँपिअरच्या आसपास खातं, हमचा (अडॅप्टरमुळे येणाऱ्या घुमघुम आवाजाचा) प्रश्नच नाही, फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेवायची, नाहीतर पेडल चालूच राहतं आणि बॅटरी उगाच संपते. डिले (आवाजाचा प्रतिध्वनी देणारं पेडल) किंवा मल्टीइफेक्ट असेल तर मी रेग्युलेटेड ९ व्होल्ट, १ अँपिअर, मध्ये मायनस असाच घेतो, आणि दुकानातच मीटर लावून बघतो, दुकानदार वैतागला तरी चालेल.