शेफ नाइफ: जर्मन घ्यावी की जपानी?

दोन्ही सुऱ्यांची पाती साधारण २० सेंटिमीटरची, दुरून पाहिलं तर बहिणीबहिणीच. हातात घेतल्यावर फरक कळतो. जर्मन सुरी जड, पातं जाड, धार टोकाकडे चांगलीच गोलावलेली. त्यामुळे टोक पाटावर टेकवून मूठ वर-खाली झुलवत बारीक चिरता येतं. जपानी ग्युतो (तिकडच्या शेफ नाइफचं नाव) हलकी, पातळ, धार बरीचशी सरळ. ती झुलवायची नाही, पुढे सरकवत चालवायची.

खरी गोम पोलादात आहे. जर्मन सुरी कडकपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ५६ ते ५८ असते, जपानी बहुधा ६० किंवा वर. कडक पोलादाला जास्त निमुळती धार पेलते, टिकतेही. टोमॅटोवर नुसती टेकवली तरी आत शिरते! पण कडक म्हणजे ठिसूळही. हाडावर किंवा गोठलेल्या मांसावर चालवली की धारेचे टवके उडतात आणि मग दगडावर बराच वेळ घासत बसावं लागतं. जर्मन सुरीची धार अशा वेळी तुटण्याऐवजी बहुधा वळते. होनिंग रॉडवर (वळलेली धार सरळ करायच्या कांडीवर) चार-सहा हात मारले की सरळ.

घरात एकच सुरी आणि ती सगळेच वापरणार असतील, तर मी जर्मनच घेईन. धार लावण्याची हौस असेल (ही हौस लागते, बरं का) तर जपानी. काचेचा पाट आणि डिशवॉशर मात्र दोघींनाही मानवत नाहीत.