भायखळा स्थानक: जुन्या दगडातले चालते-बोलते स्थानक

लोकल पकडण्याच्या घाईत स्थानकाच्या इमारतीकडे मान वर करून पाहण्याची सवड सहसा कुणाला मिळत नाही. मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकासाठी मात्र ती मुद्दाम काढावी, असे तिथे काही वर्षे नियमित ये-जा केल्यानंतर मी खात्रीने सांगू शकते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली प्रवासी गाडी याच वाटेने गेली. त्याच्याही आधी, १८५२ मध्ये, मार्गाच्या बांधकामासाठी आणलेले ‘फॉकलंड’ नावाचे इंजिन भायखळ्याच्या परिसरात फिरू लागले, तेव्हा ते बघायला लोकांची झुंबड उडाली होती. आरंभीच्या लाकडी स्थानकाच्या जागी १८५७ मध्ये दगडी इमारत उभी राहिली. पुढे त्या दगडावर रंगाचे थरावर थर चढत गेले आणि खालचे काम जवळजवळ विसरलेच गेले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली ते थर काढून २०२२ मध्ये इमारतीला तिचे मूळ रूप परत मिळाले, आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा जतन पुरस्कारांमध्ये तिचा गौरव झाला. मला या कामाचे मोल वाटते ते एवढ्यासाठी, की इमारत सजवून कुलूपबंद ठेवलेली नाही. तिच्यातली रोजची वर्दळ तशीच चालू आहे.

सकाळी जवळच्या मंडईतून आलेली एखादी भाजीवाली कोथिंबिरीच्या जुड्यांचे गाठोडे फलाटावर टेकवून मालडब्याची वाट पाहत उभी असते. गाठोड्यातून पाणी ठिबकत असते आणि तो ओला, हिरवा वास गाडी येईपर्यंत तिथेच रेंगाळतो. स्वच्छ झालेल्या काळ्या दगडावर हात ठेवून पाहिला, तर छिन्नीचे घाव बोटांना लागतात.

सोयीच्या दृष्टीनेही स्थानक उपयोगी आहे. धिम्या गाड्यांबरोबर बहुतेक जलद लोकलही इथे थांबतात, त्यामुळे ठाणे-कल्याणकडून येणाऱ्यांना दादरला गाडी बदलावी लागत नाही. मात्र संध्याकाळी जलद गाडीने येत असाल, तर दादर सुटताच दाराशी सरकावे. पूर्वेला उतरून थोडे चालले की राणीची बाग आणि तिच्याच आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय लागते. ही दोन्ही ठिकाणे बुधवारी बंद असतात, म्हणून मुलांना घेऊन जायचे तर रविवारची सकाळ बरी. गर्दी विरळ असल्यामुळे स्थानकही निवांत पाहून होते.