प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर: गोळी, पंप, इंजेक्शन की इम्प्लांट?

कॅन्सरमुळे ह्यांची प्रोस्टेट ग्रंथी ऑपरेशन करून काढली तेव्हा ते एकसष्टचे होते, मी सत्तावन्नची. पीएसए (रक्तातलं प्रोस्टेटच्या आजाराचं माप) खाली आला, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी निघाली, लघवीवरचा ताबाही चार महिन्यांत परत आला. लिंगाची ताठरता मात्र आली नाही. तपासणीत त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही तोंड उघडवेना. हे रात्री पाठ करून झोपायला लागले. मला वाटलं, मी नकोशी झाले. त्यांच्या मनात होतं, जवळ घेतलं आणि पुढे जमलं नाही तर हिला किती वाईट वाटेल! असे सहा महिने गेले. म्हणून हे लिहितेय, आणि एका बायकोच्या बाजूने लिहितेय.

उपाय निवडण्याआधी सर्जनना एकच विचारा: नसा दोन्ही बाजूंच्या वाचवल्या, एकाच बाजूच्या, की वाचवताच आल्या नाहीत? ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला दोन्हीकडून चिकटून जातात. १९८२ मध्ये अमेरिकेत डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी त्या जाणीवपूर्वक वाचवून पहिलं ऑपरेशन केलं. त्याआधी बहुतेकांची ताठरता कायमची जायची. वाचवलेल्या नसाही ऑपरेशनमध्ये ताणल्या जातात, दुखावतात. त्या सावरायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. रेडिएशन घेतलेल्यांचं उलट असतं. सुरुवातीला सगळं ठीक वाटतं आणि मग दोन-तीन वर्षांत हळूहळू उतार लागतो. कॅन्सरसाठी हार्मोनची इंजेक्शनं चालू असतील तर इच्छाच मावळते, त्यामुळे तिथे नुसत्या ताठरतेच्या उपायाने भागत नाही.

गोळीपासून सगळेच सुरुवात करतात, कारण ती स्वस्त आणि सोपी. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी आणि शक्यतो रिकाम्या पोटी घ्यायची. तुपातल्या पुरणपोळीवर घेतली तर असर उशिरा येतो. टाडालाफिलचा असर ३६ तासांपर्यंत राहतो, त्यामुळे घड्याळाकडे बघावं लागत नाही. मला स्वतःला हा फरक मोठा वाटतो. पण गोळी नसेकडून आलेला निरोप फक्त मोठा करते. निरोपच येत नसेल तर ती काय करणार? आमच्याकडे पाचव्या महिन्यात ती पूर्ण फसली आणि ह्यांनी तो स्वतःचा पराभव मानला. नसा वाचल्या असतील तर वर्षभराने पुन्हा करून बघावी, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगते: छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटचं कुठलंही औषध चालू असेल तर या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जातो.

खरी तुलना पंप आणि इंजेक्शनची आहे, कारण दोन्हीला नसांची गरज लागत नाही.

पंप म्हणजे एक नळी. ती लिंगावर लावून हवा ओढून काढायची, रक्त आत खेचलं जातं, मग मुळाशी रबरी रिंग सरकवायची. रिंग ३० मिनिटांच्या वर ठेवायची नाही. पोटात औषध जात नाही, त्यामुळे हृदयाची औषधं चालू असलेल्यांना हा मार्ग मोकळा असतो. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर मात्र आधी विचारावं. खर्च एकदाच. जास्त दाब झाला की आपोआप थांबवणारी झडप असलेलाच घ्यावा. उणीव अशी की लिंग थोडं गार आणि निळसर लागतं, मुळाशी डुगडुगतं, आणि सगळी तयारी उघडपणे करावी लागते. ह्यांना तेच नको होतं. बाथरूममध्ये दार लावून तयारी करून यायचे, तोवर दोघांचाही मूड गेलेला असायचा. पंप मी हातात घेतला त्या दिवसापासून फरक पडला.

इंजेक्शनचं नाव काढलं की पुरुषांच्या अंगावर काटा येतो. सुई इन्सुलिनच्या सुईइतकीच बारीक असते आणि लिंगाच्या बाजूला टोचायची असते. पाच ते पंधरा मिनिटांत येणारी ताठरता पंपापेक्षा पुष्कळ नैसर्गिक असते, उबदार असते. सोय आणि सुरक्षितता यांत पंप पुढे, अनुभवात इंजेक्शन पुढे, असं माझं प्रामाणिक मत आहे. पहिला डोस दवाखान्यातच ठरवून घ्यायचा; जमलं नाही म्हणून घरी मनाने वाढवायचा नाही. ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठायची, लाजायचं नाही. वारंवार टोचल्याने आत गाठी होऊन वाक येऊ शकतो, म्हणून किती दिवसांनी घ्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

इम्प्लांट म्हणजे ऑपरेशन करून लिंगाच्या आत बसवलेलं साधन. ते शेवटी, कारण तिथून परतीची वाट नाही. आतली मूळ रचना बदलते. नंतर ते काढलं तर गोळी किंवा इंजेक्शनला पूर्वीसारखी साथ मिळत नाही. म्हणून नसांना त्यांचा वेळ देऊनच विचार करावा. वाकवता येणारे दांडे साधे आणि तुलनेने स्वस्त. फुगवता येणारं तीन भागांचं इम्प्लांट जास्त नैसर्गिक, पण खर्च लाखांत. जंतुसंसर्गाचा धोका राहतो, विशेषतः मधुमेह आटोक्यात नसेल तर. आम्ही तिथवर गेलो नाही. मात्र नीट विचार करून जे करून घेतात ते बहुतेक समाधानी असतात.

यातल्या कुठल्याच उपायाने वीर्य येत नाही. प्रोस्टेट आणि वीर्यकोश काढलेले असतात. पण उत्कट सुखाचा क्षण येतो, आणि तो ताठरतेशिवायही येतो. हे मला आधी कळलं असतं तर ते सहा महिने तसे गेले नसते. त्या क्षणी कधी थोडी लघवी होते. आधी बाथरूमला जाऊन यावं, टॉवेल जवळ ठेवावा.

बोलायचं कुणाशी? ऑपरेशन केलेल्या सर्जनचं लक्ष कॅन्सरवर असतं आणि ते योग्यच आहे. या विषयासाठी अँड्रॉलॉजी, म्हणजे पुरुषांच्या लैंगिक समस्या, बघणारे युरॉलॉजिस्ट वेगळे गाठावेत. मन मिटलं असेल, घरात अबोला असेल तर लैंगिक समस्यांचं प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक आधी. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर मी समुपदेशक निवडेन, आणि तिथे दोघांनी मिळून जावं. भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’वाल्यांकडे जाऊ नका. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने आपल्याकडे बंद आहे, तरी ती दिसतेच. हर्बल म्हणून विकलेल्या कॅप्सुलांमध्ये सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलेलं आहे; सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने ती नकळत घेतली तर काय होईल?

आमच्याकडे आता पंप कपाटात असतो आणि इंजेक्शन फ्रिजमध्ये, कारण आमचं औषध थंड ठेवावं लागतं. सुई मीच देते. काही रात्री दोन्हींची आठवणही होत नाही. हे पाठ करून झोपत नाहीत.