एक ॲम्प्लिफायर, चार खोल्या, चार नॉब: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

टू-बीएचकेमधला हॉल, दोन बेडरूम आणि स्वयंपाकघर. चारही ठिकाणी ८ ओहमच्या स्पीकरची एकेक जोडी, हॉलमध्ये एकच स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि प्रत्येक खोलीत दाराशेजारी आवाजाचा वेगळा नॉब. स्वयंपाकघरात मिक्सरवर मात करेल एवढा आवाज आणि त्याच वेळी बेडरूममध्ये जेमतेम कानी पडेल एवढा. हे सुख मोबाइल न शोधता मिळतं, म्हणून ही जोडणी मनापासून आवडली आहे.

पण नॉब नीट निवडा. चार जोड्या थेट समांतर जोडल्या की ॲम्प्लिफायरला प्रत्येक चॅनेलवर (डाव्या आणि उजव्या) ८ भागिले ४, म्हणजे २ ओहमच दिसतात; ओहम म्हणजे रोधाचं माप, तो जितका कमी तितका ॲम्प्लिफायरवर भार जास्त. ४ ओहमपर्यंतच चालणारा ॲम्प्लिफायर आवाज वाढवताच तापतो आणि बंद पडतो. त्यासाठी इम्पिडन्स मॅचिंगचा, म्हणजे ॲम्प्लिफायरला दिसणारा रोध वाढवणारा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला नॉब लागतो. त्याच्या पाठीमागचा जम्पर (रोध किती पट दिसावा हे ठरवणारी छोटी पिन) २ वर ठेवला की प्रत्येक खोली १६ ओहमची दिसते आणि चार मिळून ४ ओहम होतात. जम्पर ४ वर नेला तर ८ ओहम, ॲम्प्लिफायर निवांत, पण कमाल आवाज आणखी ३ डेसिबलने उतरतो. चारही जम्पर सारखेच ठेवा, नाहीतर एक खोली कायम मोठ्याने वाजते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नॉब घेताना तो मागे किती खोल जातो ते मोजून घ्या. ट्रान्सफॉर्मरमुळे तो जाड असतो, साध्या मॉड्युलर बॉक्समध्ये बसत नाही, आणि चार इंची भिंतीत खोल बॉक्स घालायला जागा नसते. अशा ठिकाणी भिंतीवर बसणारा सरफेस बॉक्स बरा.

वायर १.५ चौरस मिमीची, शुद्ध तांब्याची घ्या. १२ मीटर अंतराला जाऊन-येऊन सुमारे ०.३ ओहम रोध होतो, तो चालतो. स्वस्त वायरमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. टोक चाकूने खरवडलं की आत पांढरं दिसतं. विजेच्या वायरीसोबत एकाच पाइपातून कधीही नेऊ नका.

प्लास्टर करण्याआधी, नॉब बसवण्याच्या अगोदर, त्याच्या जागी वायरी तात्पुरत्या थेट जोडून, ॲम्प्लिफायरच्या टोकाला मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो. शून्याजवळ आकडा आला तर शॉर्ट, काहीच नाही तर तुटलेली वायर. नॉब जोडल्यावर हेच मोजाल तर १ ओहमहून कमी दिसेल. घाबरू नका, मीटर ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं मोजतो आहे. प्लस-मायनस तपासायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर पडदा बाहेर येतो. जोडीतला एक जरी आत गेला तर बास गायबच.

मुंबईची खरी अडचण पावसाळ्यात कळते. खिडकीजवळच्या बेडरूममध्ये एक स्पीकर खरखरू लागला. टर्मिनल उघडलं तर उघडी तांब्याची टोकं हिरवट-काळी, आणि बोट लावताच दोन-तीन तारा तुटल्या. खराब भाग कापून, नवीन टोकाला कथिल लावून स्क्रू आवळला, खरखर थांबली. आता सगळीच टोकं तशी केली आहेत.

दोन उणिवा आहेत. नॉब टप्प्याटप्प्याने फिरतो, त्यामुळे रात्री पहिलाच टप्पा मोठा वाटतो; ॲम्प्लिफायरचा मूळ आवाज थोडा कमी ठेवला की नॉब मधल्या टप्प्यांवर वापरता येतात. दुसरं, सगळीकडे गाणं एकच वाजतं. आजी हॉलमध्ये भजन आणि मुलं बेडरूममध्ये वेगळं काही ऐकणार असतील, तर ही जोडणी करू नका. प्रत्येक खोलीला वेगळं गाणं देऊ शकणारा ॲम्प्लिफायरच घ्या.